एका तापाची कुळकथा



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आम्ही समोर सतरंजीवर बसून ऐकावे, असा आजवरचा क्रम. यंदा चालकांनी तो मोडला आणि एका कामगार कार्यकर्त्याला इथे उभे केले. माझी शाळा दहावीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि ग्रंथालयाच्या बाकावर. तेव्हा शास्त्राची चिकित्सा माझ्याकडून अपेक्षू नका. मी फक्त एका तापाची कुळकथा सांगणार आहे. हा ताप आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातला, त्याचा उलगडा आपल्या नागपुरातला. पण त्याचे धागेदोरे पंजाबच्या वाळवंटापासून जर्मनीच्या काचकारखान्यापर्यंत पोहोचलेले आहेत.

२००४ सालची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी तापाने बेजार झाला होता. ताप यावा, उतरावा, पुन्हा यावा, असे पाच महिने चालले होते. आपल्याकडे असा ताप म्हटला की हिवताप नाही तर विषमज्वर, यांपलीकडे सहसा कोणी जात नाही. पण या माणसाच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तांबड्या पेशींच्या गर्दीत वळवळणारे, लांबट, शेपटीवाले जंतू दिसले. पशुवैद्यांना ते नवे नव्हते. माणसांच्या डॉक्टरांनी मात्र ते आपल्या देशात माणसाच्या रक्तात असतील, अशी कल्पनाही केली नव्हती. आपण ज्याला नुसते 'मेडिकल' म्हणतो, त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या व फ्रान्सच्या तज्ज्ञांसह सर्व तऱ्हेच्या तपासण्या केल्या. निष्कर्ष असा निघाला की, हा जंतू म्हणजे 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय', जनावरांना होणाऱ्या 'सर्रा' रोगाचा जंतू. या जंतूने माणसाला झालेल्या संसर्गाचा जगातील पहिला अहवाल म्हणून तो २००५ साली प्रसिद्ध झाला. जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत ही नोंद नागपूरच्या नावावर आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

आता हा सर्रा काय आहे ते पाहू. घोडा, उंट, खेचर यांना तो झाला की जनावर झिजत जाते, पायांना व पोटाला सूज येते, रक्त पांढरे पडते आणि बहुतेक वेळा ते दगावते. गाईबैलांत मात्र तो बहुधा दबून राहतो. वरून बैल धडधाकट दिसतो, पण त्याच्या रक्तात जंतू असतात. गोमाशी एका जनावराला चावते, ते शेपटीने तिला हुसकावते, ती अर्धवट जेवण टाकून शेजारच्या जनावरावर बसते आणि तोंडाला लागलेल्या ओल्या रक्ताबरोबर जंतू तिकडे पोहोचवते. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा जंतू याचाच भाऊबंद. परंतु त्याला वाढण्यासाठी त्सेत्से माशीचे पोट लागते. सर्राच्या जंतूला अशी खास माशी लागत नाही. चावणारी कोणतीही माशी त्याला चालते, म्हणून तो आफ्रिकेबाहेर दूरदूर पसरला.

हा जंतू पहिल्यांदा पाहिला तो ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या वेल्श पशुवैद्याने, १८८० साली, तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माइलखान येथे. सरकारचे घोडे आणि उंट सर्राने मरत होते. कारण शोधायला त्याला धाडले होते. त्याने रोगट घोड्याच्या रक्तात हे प्राणी पाहिले, ते रक्त निरोगी जनावरांना टोचले, त्यांनाही रोग झाला, आणि त्याने स्वच्छ लिहिले की रोगाचे कारण हेच. कॉखने क्षयाचा जंतू दाखविण्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. पण असलेच प्राणी कलकत्त्यास धडधाकट उंदरांच्या रक्तात सापडले होते. त्यामुळे ते निरुपद्रवी आहेत, असे वरिष्ठ मंडळींचे मत होते. एका घोड्यांच्या डॉक्टराचे कोण ऐकतो? इव्हान्सचे सुदैव एवढेच की तो शंभर वर्षे जगला आणि आपले म्हणणे खरे ठरलेले त्याने डोळ्यांनी पाहिले. जंतूला त्याचे नाव दिले ते जॉन हेन्री स्टील या दुसऱ्या पशुवैद्याने, १८८५ साली, ब्रह्मदेशातील लष्करी खेचरांचा रोग तपासताना. हाच स्टील पुढल्या वर्षी मुंबईत परळला सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य झाला. म्हणजे या कुळकथेत महाराष्ट्राचा संबंध पहिल्या पिढीपासूनच आहे.

एवढे झाले जंतूचे. पण जंतू दिसतो तो यंत्रातून, आणि यंत्र कोणीतरी घडवलेले असते. सूक्ष्मदर्शकाशिवाय ही कथा मुळात सुरूच झाली नसती, म्हणून थोडे त्याच्याकडे वळू.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सूक्ष्मदर्शकाची भिंगे अंदाजाने घडवली जात. कसबी कारागीर घासून घासून भिंग तयार करी, लावून बघे, जमले तर ठेवी, नाही तर दुसरे घेई. जर्मनीत येना गावी कार्ल त्साइस याचा असा कारखाना होता. अंदाजाचे काम त्याला पुरेना, म्हणून १८६६ साली त्याने एर्न्स्ट आबे या तरुण पदार्थवैज्ञानिकाला हाताशी धरले. आबेने प्रकाशाच्या लहरींचे गणित मांडले आणि १८७३ साली दाखवून दिले की प्रकाशाच्या लहरीच्या साधारण निम्म्या लांबीपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके साध्या प्रकाशात कितीही उत्तम भिंगातून वेगळे दिसणार नाहीत. मर्यादा कळली म्हणजे तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गही कळतो. पुढे ओटो शॉट या काचतज्ज्ञाने नव्या जातीची काच ओतली आणि येनाची भिंगे जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. सर्राचा जंतू तांबड्या पेशीच्या तिप्पट लांब, तो साध्या यंत्रातूनही वळवळताना दिसतो. पण तो कोणत्या जातीचा, त्याच्या आत काय आहे, हे ओळखायला तेलात बुडवून पाहण्याचे उत्तम भिंग लागते. ते भिंग या गणितातून आले.

आबेविषयी आणखी एक गोष्ट कामगारांच्या माणसाला सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याचा बाप आयझेनाख गावच्या सूतगिरणीत होता. दिवसाला चौदा चौदा, सोळा सोळा तास काम. लहानगा आबे दुपारी बापाचा डबा घेऊन जाई. बाप यंत्राला टेकून उभ्या उभ्या चार घास खाई आणि रिकामे भांडे पोराच्या हाती देऊन पुन्हा कामाला लागे. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच हा उंचापुरा माणूस म्हातारा दिसू लागला होता, असे आबेने पुढे आपल्या भाषणात सांगितले. एम्प्रेस मिलच्या फाटकाशी बापाचा डबा घेऊन उभी राहिलेली माणसे या सभेत आजही असतील. त्यांना याहून अधिक सांगणे नको. हा पोरगा पुढे कारखान्याचा भागीदार झाला. पण त्याने १८८९ साली त्साइसच्या नावाने एक संस्था स्थापन केली आणि दोन वर्षांनी आपली मालकी तिच्या स्वाधीन केली. नफ्यात कामगारांचा वाटा, भरपगारी रजा, निवृत्तिवेतन या गोष्टी तिथे नियमाने आल्या. १९०० साली त्याने कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि लगेच हिशेब मांडला: २३३ कामगारांच्या वर्षभराच्या कामाचा. तासागणिक काम सुमारे सोळा टक्क्यांनी वाढले होते. म्हणजे आठ तासांत पूर्वीच्या नऊ तासांपेक्षा थोडे अधिकच. आपल्या देशात आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायद्याने यायला १९४६ साल उजाडावे लागले.

आता तिसरा धागा, आणि हा माझ्या घरचा आहे. माझे वडील येथल्या एका गिरणीच्या रंगखात्यात होते. पाळी सुटल्यावर ते राखेने हात घासत, तरी नखांच्या कडेला निळा रंग राहायचाच. आई म्हणे, "अंगाचा रंग जाईल, नखांचा नाही जायचा." हा रंग औषधाचा आजोबा आहे, हे मला फार उशिरा कळले.

१८५६ साली लंडनचा अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हा विद्यार्थी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून क्विनीन तयार करू पाहत होता. मलेरियाचे औषध त्याला गवसले नाही. भांड्यात जांभळा रंग उतरला. त्या अपघातातून कृत्रिम रंगांचा प्रचंड उद्योग उभा राहिला. पुढे नीळही कारखान्यात होऊ लागली आणि बिहारच्या निळीच्या मळ्यांचे काय झाले ते चंपारणच्या निमित्ताने आपण सर्वांनी वाचले आहे. पण हे रंग केवळ कापडावर चढले नाहीत. पाउल एर्लिख या जर्मन डॉक्टराच्या ध्यानात आले की काही रंग सगळ्या पेशींना न लागता नेमक्या काही पेशींना आणि जंतूंनाच धरतात. त्यामुळे काचेवरचा पारदर्शक जंतू निळाजांभळा होऊन स्पष्ट दिसू लागला. आजही मेडिकलच्या प्रयोगशाळेत रक्ताची काच रंगवतात ती याच घराण्यातल्या रंगांनी. एर्लिखने पुढचा प्रश्न विचारला: जो रंग जंतूलाच धरतो, तो जंतूलाच मारील का?

१९०४ साली एर्लिख आणि त्याचा जपानी सहकारी कियोशी शिगा यांनी एका तांबड्या रंगाने उंदरांच्या रक्तातले ट्रिपॅनोसोम जंतू नाहीसे करून दाखविले. त्या रंगाला नावच पडले 'ट्रिपान रेड'. ज्या जंतूवर हा प्रयोग केला, तो दक्षिण अमेरिकेतल्या घोड्यांच्या रोगाचा, म्हणजे सर्राच्या जंतूचा अगदी सख्खा भाऊ. मागून पॅरिसहून 'ट्रिपान ब्लू' आला. परंतु रंगाने रोगी प्राण्याचे कातडे, मांस सारेच रंगून जाई. तेव्हा बायर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी याच कुळातले, पण स्वतःला रंग नसलेले द्रव्य शोधायला घेतले. शेकडो द्रव्ये करून पाहिल्यावर १९१६ च्या सुमारास एक साधले. 'बायर २०५' एवढेच त्याचे नाव जगाला कळले. कृती कंपनीने गुप्त ठेवली. १९२४ साली फ्रान्सच्या फुर्नो याने बुद्धी लढवून ती उलगडली. तेच आजचे सुरामिन.

या प्रगतीची किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. सुरामिनच्या आधी आफ्रिकेत निद्रारोगावर 'अटॉक्सिल' हे सोमलाचे औषध देत; त्याने कित्येक रोग्यांची दृष्टी गेली. आणि रंगाच्या कारखान्यांत? १८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शस्त्रवैद्याने सांगितले की, एकाच रंगाच्या कारखान्यातील पंचेचाळीस कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाचा कर्करोग झाला आहे. दोषी द्रव्यांत पुढे 'बेन्झिडीन'चे नाव ठळकपणे आले. एर्लिखचा तांबडा रंगही त्याच घराण्यातला. रेनने सांगितल्यावर इंग्लंडला कायद्याने ही द्रव्ये आवरायला १९६७ साल लागले. भारतात बेन्झिडीनच्या रंगांवर बंदी आली ती १९९० नंतरच्या दशकात. मधल्या काळात गेलेल्या माणसांची मोजदाद कोण करणार?

माझ्या ओळखीचा एक रंगारी होता. त्याचे आयुष्य रंगाच्या हौदाशी गेले. लघवीतून रक्त जाऊ लागले, तेव्हा तो दवाखाने फिरला. त्याच्या कागदांवर नाव होते, वय होते, जात होती, पत्ता होता. धंदा कुठेच नव्हता. शेवटी निदान झाले, पण ते भरपाईच्या अर्जाला उपयोगी पडावे असे एकही अक्षर त्या कागदांत मला सापडले नाही. दोष एका डॉक्टरचा नव्हता. तो प्रश्न विचारायची चालच नव्हती. वास्तविक इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहून सांगितले होते की, वैद्याने नेहमीच्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी: तू काम काय करतोस?

आता हे तीन धागे घेऊन आपण चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्याकडे परत येऊ. येनाच्या गणितातून आलेल्या भिंगाने त्याचा जंतू दिसला. रंगाच्या कारखान्यातून आलेल्या रंगाने तो ओळखता आला. जंतू मेंदूपर्यंत पोहोचला नव्हता, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मिळालेले सुरामिन त्याला शिरेतून देता आले, आणि तो बरा झाला. रंगखात्यांच्या पिढ्यांनी ज्याची किंमत मोजली, ते औषध नव्वद वर्षांनी एका वऱ्हाड-झाडीच्या शेतकऱ्याच्या कामी आले.

ताप पाच महिने चढउतार का करीत होता, हेही समजण्यासारखे आहे. हा जंतू आपल्या अंगावरचे आवरण बदलत राहतो. शरीर एका आवरणाला ओळखून जंतू मारू लागते, ताप उतरतो. तोवर काही जंतू नवा अंगरखा चढवून वाढू लागलेले असतात. म्हणून एखाद्या दिवशीच्या काचेत काहीच दिसले नाही, तरी रोग नाही असे होत नाही.

मग त्याच गावातल्या १८०६ माणसांची तपासणी झाली. सर्राच्या जंतूशी सामना झाल्याची खूण बोटाच्या रक्तात ४१० जणांमध्ये, म्हणजे शंभरात सुमारे तेवीस जणांमध्ये, आढळली. रक्ताचा सीरम घेऊन पुन्हा तपासल्यावर त्यांतले ८१ पक्के ठरले. त्यांपैकी ज्या साठ जणांची खूण सर्वांत ठळक होती, त्यांच्या रक्तात मात्र एकही जंतू मिळाला नाही. म्हणजे जंतू माणसांपर्यंत वारंवार पोहोचत होता आणि माणसाचे शरीर त्याला मारत होते. मग हा एकच शेतकरी का आजारी पडला? २००६ साली ब्रुसेल्सच्या संशोधकांनी, आपल्या नागपूरच्या डॉक्टरांसह, त्याचे उत्तर दिले. माणसाच्या रक्तात 'एपोलायपोप्रोटीन एल-वन' नावाचे एक प्रथिन असते. जंतू ते गिळतो आणि आतून भोके पडून मरतो. या शेतकऱ्याला आई आणि बाप दोघांकडूनही त्या प्रथिनाचे जनुक बिघडलेले मिळाले होते; त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हते. प्रयोगशाळेत त्याच्या सीरममध्ये ते घातले, तेव्हा जंतू मरू लागले.

यावर कोणी निश्चिंत होईल की बाकीच्यांना भीती नाही. तसेही नाही. २०१६ साली व्हिएतनाममधल्या एका स्त्रीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तिचे जनुक शाबूत होते, तरी तिला हाच रोग झाला होता. माणसात हा रोग अत्यंत विरळा आहे, हे खरे. घाबरण्याचे कारण नाही. पण विरळा रोग सापडतो तो शोधणाऱ्यालाच.

आणि शोधायचे म्हणजे काय करायचे? मोठी यंत्रे हवीत, पैसा हवा, हे सारे आहेच. पण पहिली पायरी फुकटची आहे. रामाझ्झिनीचा प्रश्न. त्या शेतकऱ्याच्या शरीरात रोगट जनावराचे रक्त गेले असावे, असा संशोधकांचा कयास होता. पोळ्याला आपण ज्या बैलाला ओवाळतो, त्याच्याच संगतीत विदर्भातला माणूस वर्षभर राबतो. शिंग लागते, वेसण घालताना बोट कापते, वीत असलेल्या गाईला हात द्यावा लागतो. गुराखी, खाटीक, मेलेले जनावर ओढून नेणारा, कातडे कमावणारा, गोठा झाडणारी बाई, या सर्वांच्या हातांना जनावराचे रक्त लागते. चिवट ताप घेऊन हा माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा 'तुझ्या गोठ्यात जनावर आजारी आहे का?' हे विचारायला किती वेळ लागतो? आपल्या शहरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि माणसांचे मेडिकलही आहे. दोघांमध्ये जाणेयेणे राहिले, तर पाच महिन्यांचा ताप पाच दिवसांत ओळखला जाईल.

कायद्याचेही एक सांगून थांबतो. १९२३ सालच्या भरपाई कायद्याला व्यवसायजन्य रोगांची एक अनुसूची जोडलेली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती यादी पुढे चालविली. जनावरे हाताळण्याच्या कामातून होणारे परोपजीवी रोग तिच्यात आहेत, आणि माझ्या वडिलांच्या रंगांचे जे मूळ घराणे, त्या बेन्झिनच्या संयुगांनी होणारे रोगही तिच्यातच आहेत. म्हणजे आजच्या माझ्या गोष्टीतले दोन्ही टोकांचे रोगी एकाच कागदावर शेजारी शेजारी बसले आहेत. पण त्या कागदाचा लाभ घ्यायला मालक लागतो, आणि दवाखान्याच्या कागदावर धंद्याची नोंद लागते. रंगाऱ्याला मालक होता, नोंद नव्हती. आपली स्वतःची दोन एकर कसणाऱ्याला मालकच नाही. त्याने भरपाई मागायची कोणाकडे? हा प्रश्न मी माझ्या चळवळीलाही विचारतो. गिरण्या होत्या तेव्हा आम्ही फाटकाच्या आतल्या माणसाचा विचार केला. आता फाटकच उरलेले नाही, आणि काम करणारा माणूस मात्र तसाच रानात, गोठ्यात आणि हौदाशी उभा आहे.

तेव्हा उद्या आपल्यापैकी कोणी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपणच सांगावे: मी अमुक काम करतो. आणि चिठ्ठीवर ते लिहून घ्यावे. एवढेच माझे मागणे आहे.